फरशीखालची रेती

आमच्या वस्तीखालून कोळशाच्या खाणीचे बोगदे गेले आहेत. ते खोदणाऱ्यांपैकी एक माझे बाबा. कोळसा निघाला की रिकाम्या बोगद्यात पाण्याबरोबर पाइपने रेती भरायची, म्हणजे वरची जमीन बसत नाही. तेही काम बाबांनीच केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेमकं तिथेच घर बांधलं आणि गल्लीभर छातीठोक सांगितलं, "बांधा बिनधास्त. खाली रेती मी भरली आहे."

गेल्या पावसाळ्यानंतर गल्लीच्या टोकाचं घर कमरेइतकं खाली गेलं. माणसं वावरात होती म्हणून वाचली. घरं रिकामी करायच्या नोटिसा आल्या, पण बाबा हलेनात म्हणून गल्लीही हलेना. मी सिंदेवाहीहून माहेरी धावले ती भांडायच्या तयारीनेच.

खाणीत कामाला लागण्याआधी डोक्यावरचं छत ठोकून बघतात. चांगला दगड टणटण वाजतो, सुटलेला भद्द. मडकं वाजवून घेतो तसंच. हे बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. आता सुरुंगांनी त्यांचे कान गेलेत, ओरडून बोलावं लागतं. त्यांनी काठी घेतली आणि घराची फरशी ठोकायला लागले.

"तू आईक. काय वाजते सांग."

ओसरी टणटण. देवघर टणटण. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी भद्द.

खोटं बोलावंसं वाटलं, खरंच वाटलं. मग ओरडले, "पोकळ आहे जी बाबा!"

"तुले नाई समजत." त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा भद्द. तांदूळ निवडणारी आई थांबली.

काठी भिंतीला टेकवून बाबा म्हणाले, "एक जागा राह्यली होती. रेती आली नाई, अन् आमी पाइप उचलला. मले वाटलं, एवढ्याशानं काय होते."

इतकी वर्षं दुसऱ्यांची घरं यांच्या शब्दावर उभी होती! मला भयंकर राग आला, लगेच त्यांची कीवही आली, आणि दोन्हीचं काय करावं ते कळेना.

संध्याकाळी शेजारी विचारायला आले, "भाऊ, राहाचं का जाचं?"

"जा. सगळे जा," बाबा म्हणाले.

दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. आईला मी सोबत आणलं. बाबांच्या पाया पडले, रडले, नाही नाही ते बोलले. "चूक माही आहे, मी राहतो," एवढंच त्यांचं उत्तर. आम्ही निघालो तेव्हा ते आपली खाट ओढत ओट्यापाशी नेत होते, त्या भद्द वाजणाऱ्या जागेवर.

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. फोन फरशीवर ठेवून ते काठीने ठोकतात.

"काय वाजते, पोरी?"

फोनवर टणटण आणि भद्द सारखंच वाजतं. मी जीव खाऊन ओरडते, बाबा, इकडे या! त्यांना ऐकू जात नाही. ते पुन्हा ठोकतात.