शार्ककडे पाठ करणारा नाथा

नाथा भोईर मला पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. पटण्यासारखं होतं तरी काय त्याच्यात? बावन्न वर्षांचा काळा, आडवा माणूस, पोट पुढे, पायात रबरी चपला, आणि म्हणे हा लोकांना समुद्राच्या तळाशी शार्क दाखवायला नेतो! भाईंदर पश्चिमेला पंचवीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवतेय मी. माणूस काउंटरपाशी येऊन खोकला की मला कळतं, खोकला खरा आहे की ऑफिसला दांडी मारायचीय.

स्वभावच संशयी माझा. आमचे हे म्हणतात, संचितासमोर साक्षात देव उभा राहिला तरी ती आधी आधार कार्ड मागेल. म्हणू दे. संशय घेतल्याने आजवर कुणी मेलं नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सुनावायची.

माझी मुलगी भूमिका, वय पंचवीस. सहा दिवस ऑफिस, आणि सातव्या दिवशी निवांत झोपायचं सोडून ही हाटकेशच्या एका क्लबात नाथाकडे स्कूबा शिकायला जायची. तिथेच तिला नीरज भेटला. एका रविवारी तो 'मित्र' म्हणून घरी आला, आणि चहा ओतता ओतताच मी ओळखलं की हे प्रकरण मैत्रीवर थांबलेलं नाही. मुलगा चांगला वाटला, म्हणजे जास्तच चांगला वाटला, म्हणून पुढच्या रविवारी मी स्वतः त्या पूलवर जाऊन बसले.

नाथाची चौकशी तर मी आधीच केली होती. आजा मिठागरावर, बाप मिठागरावर. हा मात्र एकोणिसाव्या वर्षी पाणबुड्या झाला. खाडीवरच्या पुलांचे खांब पाण्याखालून तपासायचं काम. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, तिथे बोटांनी चाचपडत तडे शोधायचे. बावीस वर्षं तेच केलं. मग परीक्षा देऊन शिकवण्याचं सर्टिफिकेट मिळवलं. ते सर्टिफिकेटही मी मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं. नाथा हसला. म्हणाला, "ताई, उजेडात धरून बघा, शिक्का बी हाय."

त्याची कामाची पद्धत बघून तर मी आणखीच सावध झाले. हा माणूस कुणाच्याही शब्दावर जायचा नाही. हवेची टाकी भरलीय असं कुणी सांगितलं तरी स्वतः तोंडाला लावून चार श्वास घ्यायचा आणि घेताना काट्याकडे टक लावून बघायचा. काटा थरथरला की टाकी बाजूला. कुणी पट्टा आवळला म्हटलं की हा जाऊन ओढून बघणार. मी मनात म्हटलं, ज्याचा कुणावरच भरवसा नाही, त्याच्यावर आपण कसा ठेवायचा? माझं स्वतःचं काय, हा प्रश्न मला पडला नाही.

मग फॉर्म भरायची वेळ आली. प्रकृतीचे प्रश्न, दोन पानं भरून. नाथा एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि उत्तर लिहिण्याआधी माणसाच्या तोंडाकडे बघायचा. हृदयाचा त्रास? कानाचं ऑपरेशन? फिट? दमा? भूमिकाची पाळी आली तेव्हा मी शेजारीच होते. तो मला म्हणाला, "तुमी मेडिकलवाल्या. तुमाला मी काय सांगनार? दमा-बिमा काय न्हाय ना पोरीला?"

"नाही," मी म्हटलं.

भूमिकाला सहाव्या वर्षापासून दमा आहे. शेवटचा मोठा झटका कॉलेजच्या पहिल्या वर्षी आला होता. त्यानंतर धुळीत किंवा धावपळ झाली की थोडी धाप, तेवढंच. तिचा निळा पंप माझ्या पर्समध्ये असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये हे कुणाला ठाऊक नाही, माझ्या सख्ख्या जावेलाही नाही. मुलीला दमा आहे असं एकदा बाहेर गेलं की स्थळं पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात, हे मी दोन घरांत डोळ्यांनी पाहिलंय. आदल्या रात्री भूमिका म्हणाली होती, "आई, खरं लिहू या का?" मी तिला गप्प केलं. नीरजच्या आईशी बोलणी व्हायची होती. नाथाला कळलं म्हणजे हाटकेशपासून तारोडीपर्यंत कळलं.

नाथाने 'नाही' लिहिलं. पण लिहिण्याआधी तो माझ्याकडे अंमळ जास्तच वेळ बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं माझं. मी पटकन पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसले.

फेब्रुवारीत त्याची तुकडी मालदीवला निघाली, अगदी दक्षिणेच्या टोकाला. मीही निघाले. एका न पटलेल्या माणसाच्या आणि एका नको इतक्या पटलेल्या मुलाच्या भरवशावर मुलीला सोडते होय मी! पोचल्यावर पहिली चौकशी केली ती दवाखान्याची. बोटीने साडेपाच तास. पर्समधला पंप चाचपून बघितला आणि बोटीवर सावलीची जागा धरली.

नाथाने सगळ्यांना समजावलं. "दोन बेटांच्या मधी पानी असं धावतं, भरतीला खाडीचं तोंड धावतं तसं. तिथं पवायचं न्हाय, दम जाईल. शीद्दं खाली जायाचं, मेलेल्या पोवळ्याच्या कातळाला हूक अडकवायचा, दोरी ताणली की गप पडून राहायाचं. मुशी समोरनं येतील." शार्कला तो मुशीच म्हणायचा. "घाबरायचं न्हाय. त्यांनी आपल्यातला कोन खाल्ला न्हाय. आपन त्यांचं कालवन किती येला खाल्लंय ते आठवा." सगळे हसले. मी हसले नाही, मी माणसं मोजत होते.

पहिले दोन दिवस बरे गेले. सगळे वर यायचे ते एकाच वेळी बोलत, हात पसरून शार्कची लांबी दाखवत. भूमिकाचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, बरं झालं आम्ही खोटं बोललो.

तिसऱ्या दिवशी नाथाने आधी एकट्याने उडी मारली. परत आला तो गंभीर होऊनच. "पानी जास्त हाय," म्हणाला. मग भूमिकाकडे वळला. "पोरी, तू आज वर रहा."

"मी एकटीच का?" ती चिडली. चिडणारच. माझी मुलगी आहे.

तो माझ्याजवळ येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, काल तिची हवा सगळ्यांच्या आधी संपली. वर आल्यावर खोकत होती. मना खरं सांगा. काय हाय का?"

नीरज दोन हातांच्या अंतरावर बसून पायात पोहायचे पंखे चढवत होता. त्याने मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं आणि हसून म्हटलं, "काही नाही हो, एसीने घसा धरलाय. तुम्ही पण ना, उगाच संशय घेता!"

संशय घेता, हे मी म्हटलं. मी! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नाथाने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मग उठला. "बरं. तुमी बोलता तर चला. पन ती माझ्या बाजूला राहील."

खाली काय झालं ते नीरजच्या कॅमेऱ्यात आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी ते किती वेळा बघितलंय याला गणती नाही. आधी बघितलं ते नाथाची चूक शोधायला. काहीतरी सापडेलच अशी माझी खात्री होती.

सगळं निळं दिसतं. कातळाच्या कडेला सहा जण दोऱ्या ताणून पडलेत. पाणी इतकं जोरात की त्यांच्या तोंडातले बुडबुडे वर न जाता आडवे मागे पळतात. आणि समोर शार्क. पंधरा तरी असतील, राखाडी, शेपटीला काळी कड. आपली माणसं हुकाला लटकून थरथरतायत आणि त्या शार्क तेवढ्याच पाण्यात जागच्या जागी उभ्या आहेत, शेपटी हलली न हलली. मग एक पुढे येते, इतकी जवळ की तिचा डोळा दिसतो. पापणी न लवणारा पिवळट डोळा. सगळ्यांच्या माना तिच्यामागे वळतात.

नाथाची वळत नाही. नाथाने शार्ककडे पाठ केलीय. एवढ्या लांब ज्यासाठी लोक येतात ते त्याच्या खांद्यामागून जातंय आणि तो माझ्या मुलीकडे बघतोय. तिच्या चेहऱ्याकडेही नाही, तिच्या बुडबुड्यांकडे. टाकीचा काटा बघायचा ना, तसा.

मग तिचे बुडबुडे बारीक होतात आणि भराभर सुटायला लागतात. तिचा हात तोंडातल्या नळीकडे जायच्या आत नाथाचा हात तिथे पोचलेला असतो. तो नळी तिच्या तोंडात दाबून धरतो, दुसऱ्या हाताने दोघांचे हूक सोडतो, आणि पाणी दोघांना उचलून चौकटीबाहेर नेतं. त्यानंतर चौदा सेकंद कॅमेरा शार्कच बघत असतो. नीरजला पत्ताही नाही.

मी वर बोटीत होते. लांबवर नाथाने खालून फुगवून सोडलेली नारिंगी खूण पाण्यावर उभी राहिली. वेळ झालेली नव्हती. बोटवाल्याने काही न विचारता बोट वळवली. तिला वर ओढली तेव्हा ओठ निळे होते, मान मागे, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. तो आवाज मी एकोणीस वर्षं ओळखते.

नाथाने तिला ऑक्सिजन लावला आणि माझ्यावर ओरडला, "ताई, दमा हाय का हिला?"

"नाही," मी म्हटलं.

नीरज अजून पाण्याखाली होता. लपवायला तिथे कुणी नव्हतंच. माझी लेक माझ्या मांडीवर घुसमटत होती, आणि तरी माझ्या तोंडातून 'नाही'च निघालं. इतकी सवय झाली होती जिभेला.

नाथा पुन्हा ओरडला नाही. त्याने माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडे फिरवलं. "हिच्याकडं बगा आनि मग बोला."

मी पर्स उघडली. पंप माझ्या हातून खाली पडला, तो त्यानेच उचलला. एक, दोन, चार दाब दिले. मग ऑक्सिजन, मग पुन्हा पंप. वीस मिनिटांनी तिच्या ओठांवर रंग आला आणि मी ओक्साबोक्शी रडले. नीरज बोटीवर चढला तेव्हा त्याने आधी भूमिकाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पंपाकडे.

संध्याकाळी नाथा माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा मला सोलून काढणार. तो शांतपणे बोलला, आणि तेच जास्त लागलं. "'हो' लिवलं असतं तर डॉक्टरकडं धाडली असती. तपासून कदाचित त्यांनी सोडली पन असती. मना संशय होता, ताई. तरी तुमच्या शब्दावर गेलो."

भाईंदरला परतल्यावर पंधरा दिवसांनी नीरजची आई, पुष्पलताताई, घरी आल्या. भूमिकाने मला तोंड उघडू दिलं नाही. कांदेपोह्यांची बशी पुढे ठेवली आणि सरळ सांगितलं, "मला दमा आहे. लहानपणापासून. आईने आणि मी लपवला होता."

पुष्पलताताईंनी सोफ्याला पाठ टेकली आणि चक्क हसल्या, अगदी हलकं झाल्यासारख्या. "अगं, एवढंच ना! मी म्हटलं काय ऐकायला लागतंय! आमच्या नीरजला फिट यायच्या. कॉलेज संपेपर्यंत गोळ्या होत्या. आम्ही तरी कुठे सांगितलं? त्या पोहण्याच्या फॉर्मच्या वेळी पण मीच 'नाही' सांगायला लावलं. उगाच लोकांना विषय कशाला? काय हो संचिताताई?"

नीरज खाली फरशीकडे बघत होता. भूमिका त्याच्याकडे. खाली जोडी-जोडीने राहायचं असतं, एकाला काही झालं तर दुसऱ्याने सांभाळायचं, आणि माझ्या मुलीची जोडी पहिले दोन दिवस ह्याच्याशी होती. मी म्हटलं, "हे नाथाला कळवायला हवं."

"अहो, कशाला? झालं गेलं गंगेला मिळालं," पुष्पलताताई म्हणाल्या. महिनाभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. मी आत जाऊन फोन लावला.

नाथाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अजून कोन कोन हाय, ताई?"

त्याच्याकडे तेव्हा एकतीस जण शिकत होते. त्यांतले कितीतरी माझ्या काउंटरवर येतात, त्यांच्या गोळ्या मला पाठ आहेत. पण ते सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी म्हटलं, "नावं नाही सांगणार. फॉर्म नव्याने भरून घ्या. मी येऊन शेजारी बसते."

रविवारी पूलच्या कडेला एकतीस जण बसले, काहींच्या आयाही आल्या होत्या. मी उभी राहून एवढंच सांगितलं, "मी माझ्या मुलीच्या फॉर्मवर खोटं उत्तर दिलं होतं. ती मरता मरता वाचली." बोलताना लाज वाटली, खूप वाटली. पेनं तशीच थांबली. मग एक आई उठून मुलाच्या हातातला कागद घेऊन बाजूला गेली. तिच्यामागे दुसरी.

नाथाने जुने फॉर्म काढले आणि नव्यांच्या शेजारी ठेवून एकेक ताडून बघितला. अकरा जणांचं 'नाही' आता 'हो' झालं होतं. पुन्हा पहिल्यापासून मोजले, तरी अकराच. कागद मांडीवर ठेवून तो पाण्याकडे बघत बसला.

"एवड्यांना मी पान्यात नेलं, ताई," तो म्हणाला, आणि टॉवेल तोंडावर ओढून घेतला.