पैकीच्या पैकी मार्क, पण ब्युरेट भरता येईना

आज बीडला एमएस्सीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी ब्युरेट, म्हणजे मापाची लांब काचेची नळी, भरायला सांगितलं. मला ती स्टँडला लावताही येईना.

"बीएस्सीला केलं नाही का गं?"

काय सांगू? इनऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी मार्क आहेत. पण आमच्या गावच्या कॉलेजात लॅबचं कुलूप कधी निघालंच नाही. सर फळ्यावर रीडिंग लिहायचे, आम्ही जर्नलमध्ये उतरवायचो.

बाहेर येऊन सरांना फोन लावला. ते हसले. "अगं, मार्क कमी दिलेत का तुला?"

जिन्यात बसून लई रडले. मग आत जाऊन मॅडमना म्हणाले, "मला काहीच येत नाही, पहिल्यापासून शिकवा."

माझ्यासोबत शिकलेल्यांनो, आपल्याला फसवलं जात होतं, तेव्हा आपण खूश का होतो?