बेचाळिसावी नक्कल

कृष्णरावांनी कुरुदच्या मठातली लोखंडी पेटी घरी आणली आणि कामगारांच्या घरांच्या लाइनीत बातमी पिकली की त्यांना गुप्तधन सापडलं. नळावर तर सोन्याचं वजनही ठरलं. पेटीत निघाल्या बेचाळीस सनदा, नागपूरकर भोसल्यांच्या वेळच्या. मठाची जमीन कुठली, आंबराई कुठली, सगळं मोडी लिपीत; आणि मठ हिंदी मुलखातला, तिथं मोडी वाचणारा एकही नाही. म्हणून महंतांनी कारखान्यातून रिटायर झालेल्या या हजेरीबाबूला गाठलं आणि नकला मागितल्या.

खरं तर कृष्णरावांचं मोडी कच्चंच. पक्कं होतं ते शैलाबाईंचं, भंडाऱ्याला वडिलांजवळ बसून शिकलेलं. म्हणून हे दिवसा एक सनद वहीत देवनागरीत उतरवायचे. चहानंतर बाई मूळ कागद मोठ्यानं वाचायच्या आणि हे आपल्या ओळीवरून बोट फिरवायचे.

"का जी, पन्नास झाडं कुठून आणली? कागदात पंधराच आहेत. बाकीची तुम्ही लावली का?"

हे खोडून दुरुस्त करायचे. पान जुळलं की खाली दोघांच्या सह्या. एक मूळ वाचणाऱ्याची, एक नक्कल ताडून पाहणाऱ्याची.

एक्केचाळीस पानं अशी झाली. बेचाळिसावी आंबराईची सनद. ती उतरवली त्याच दुपारी शैलाबाई ओट्याजवळ बसल्या, त्या उठल्याच नाहीत. तेरवीला महंत पेटी घेऊन गेले. एक पान ताडायचं राहिलंय, हे सांगायचं भान कृष्णरावांना कुठलं? त्या पावसाळ्यात मठाचं छत गळलं आणि सनदांचा लगदा झाला. उरली ती कृष्णरावांकडची वही.

वर्षभरात आंबराईवर दुसऱ्यानं हक्क सांगितला. मूळ कागद नसला तरी दोन सह्यांची नक्कल चालेल, असं तहसीलचे साहेब म्हणाले. महंत धावत आले.

"बाबूजी, बस दो दस्तखत. बाईजी का नाम भी रह जाएगा."

कृष्णरावांनी पेन उघडला. मागची पानं उलटून बाईंच्या सह्या बघितल्या. मग टोपण लावलं आणि वही तशीच महंतांच्या हातात दिली.

आंबराई गेली. महंतांनी बोलणं टाकलं. शेजारच्या श्यामरावांना मात्र राहवेना. "भाऊ, दोन नावं लिहाले काय जात होतं तुमचं? वहिनी काई तक्रार कराले येत नव्हत्या."

कृष्णराव म्हणाले, "तिनं वाचलंच नाही अन् मी तिचं नाव लिवलं असतं, तर बाकीच्या एक्केचाळीस पानांवर ती माह्यासमोर बसून होती, हे कोणी खरं मानलं असतं? मीच मानलं नसतं."