पोतवाली डॉट कॉम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या दागिन्यांच्या वेबसाइटसाठी जे नाव हवं होतं, ते त्या दिवशी मोकळं होतं. मी तिला सांगितलं, गेलंय, कुणीतरी घेतलंय.

बहीण येडशीला असते. मणी, मोती, रेशमी दोरा घेऊन घरीच दागिने गाठवते. पोत, ठुशी, कानातली. आधी गल्लीतल्या बायका घ्यायच्या, मग फोनवर फोटो फिरले आणि पुण्याकडून विचारणा यायला लागली. ‘वेबसाइट आहे का हो तुमची?’ असं दोघीतिघींनी विचारल्यावर ती एका रविवारी धाराशिवला माझ्याकडं आली. मी शाळेत मास्तर, घरात लॅपटॉप. त्यामुळं यातलं मला सगळं कळतं असा तिचा समज.

“नाव काय ठेवायचं, ठरवलंस का?” मी विचारलं.

“त्यात ठरवायचं काय, दादा? पोतवाली.”

मी उठून पंखा वाढवला. पुन्हा बसलो. पुन्हा उठलो.

पोतवाली म्हणजे आमची आई. वडील लवकर गेले. आई परंड्याच्या बाजारात सराफाच्या दुकानाच्या पायरीखाली गोणपाट टाकून बसायची, यात्रेच्या दिवसांत सोनारीला. बायकांची तुटलेली, विरलेली मंगळसूत्रं नव्या दोऱ्यात गाठवून द्यायची. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दुसरं डाव्या हातात ताणून धरायचं, आणि मणी सरकवत गाठी मारत जायचं. समोर ती बाई बसलेली, गळा मोकळा राहू नये म्हणून हळकुंड बांधलेला दोरा घालून, आणि नजर आपल्या सोन्याच्या वाट्यांवरनं हलवायची नाही. आई तिच्याशी गप्पा मारत असायची, पण हात थांबायचा नाही. वर्षानुवर्षं दोरा ताणून तिच्या अंगठ्याला खाच पडली होती. सगळा बाजार तिला पोतवाली म्हणायचा. मला पोतवालीचा.

माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना मामानं सासरच्या लोकांना सांगून टाकलं, “आमच्या बहिणीचं सराफ्यात दुकान होतं. आता वयामुळं बंद केलंय.” मी तिथंच बसलो होतो. आईही आतल्या दारात उभी होती. लग्नात आई दिवसभर पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेऊन बसली. ते मला दिसत होतं. मी तिच्याजवळ गेलो नाही.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सासरी आजही ‘जावयांचं सराफ्यातलं दुकान’ असंच बोललं जातं, आणि मी पानावरची चटणी चाटत राहतो.

तर बहीण सांगत होती, “पहिल्याच पानावर फोटू टाकायचा. चेहरा न्हाय, नुसता पाय. अंगठ्याला दोरा लावलेला. माझ्या बी अंगठ्याला खाच पडलीय, बग की. अन् खाली लिवायचं, आमच्या आईनं सोनारीच्या यात्रेत बसून शिकवलेलं काम.”

स्वयंपाकघरात बायको चहा गाळत होती. मी लॅपटॉप जरा माझ्याकडं वळवला. नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं. हिरवी खूण आली, घ्या म्हणून. बहिणीनं चष्मा आणलेला नव्हता.

“गेलंय,” मी म्हणालो. “कुणीतरी आधीच घेतलंय.”

“आँ? आपली पोतवाली? कुणी नेली?” ती हसायलाच लागली. “आसंल एखादी. तिची बी आई गाठवणारी आसंल, दुसरं काय!”

तिनं तोंड पाडलं असतं, चिडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

मग आम्ही दुसरी नावं बघत बसलो. शेवटी मी एक गुळगुळीत संस्कृत नाव सुचवलं, त्यात सुवर्णही होतं आणि शोभाही. तिच्या दागिन्यांत सोनं औषधालाही नसतं. बायको चहा घेऊन आली नि म्हणाली, “छान आहे की हो, अगदी पेढीसारखं वाटतंय.” बहीण दोघांकडं बघून “बरं, तुमाला आवडलं तर ठिवा,” म्हणाली. जाताना पायऱ्यांवर थांबून म्हणाली, “तरी स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याला इचारते. कधी सुटतंय का बघ म्हणते ते नाव.”

ती एसटीत बसली असेल-नसेल, मी लॅपटॉप पुन्हा उघडला. झेरॉक्सवाला बघणार, त्याला ते मोकळं दिसणार, हे डोक्यातनं जाईना. बायको भाजी आणायला गेली होती. ती यायच्या आत पोतवाली मी माझ्या नावावर घेतली. खोटं बोललो होतो, ते खरं करून ठेवलं. दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला, “व्हय रे दादा, खरंच गेलंय.” मला हायसं वाटलं, हेही इथं लिहायलाच हवं.

धंदा चालला. डब्यांवर ते संस्कृत नाव छापून आलं. पण ते तिच्या जिभेवर बसलं नाही. गिऱ्हाइकाला वेबसाइटचा पत्ता सांगताना तिसऱ्या अक्षराला अडखळते आणि फोन जावेकडं देते. एकदा म्हणाली, “माझंच दुकान, अन् मलाच पत्ता सांगता येईना. लई हसायला येतं.” पोतवालीची मुदत संपत आली म्हणून दरवर्षी नावं विकणाऱ्या कंपनीचा निरोप येतो. मी वर्गात असलो तरी बाहेर येऊन व्हरांड्यात फेऱ्या मारतो. सोडून द्यावं म्हणतो. मग झेरॉक्सवाला आठवतो. पुन्हा मुदत वाढवतो. कधीकधी उगाच पोतवालीचा पत्ता फोनवर टाकून बघतो. पांढरं पान येतं. त्यावर काही नाही.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. झेरॉक्सवाल्यानं तिला सांगितलं होतं, नाव ज्याच्याकडं आहे त्याला कंपनीमार्फत चिठ्ठी धाडता येते.

“तूच लिही दादा. तुझं इंग्रजी चांगलं. मी सांगते तसं लिही.”

“काय लिहू?”

“लिव, ताई आसो का दादा आसो, तुमास्नी नमस्कार. तुमचं पान आमी बघतो, त्यावर अजून काय न्हाय. तुमाला त्या नावाचं काम नसंल तर आमाला द्या. आमच्या आईला लोक त्या नावानं हाका मारायचे. दुसरं काय तिचं आमच्याकडं उरलं न्हाय.” मग थांबली. “आन् काम आसंल तर ऱ्हाऊ द्या, राग न्हाय. हे बी लिव.”

मी लिहिलं. जसंच्या तसं. धाडायचं बटण दाबलं, आणि माझ्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

“बग की, कुणाचं हाय.”

“बँकेचं,” मी म्हणालो.

त्यानंतर दर रविवारी तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी हळूच विचारते, “आलं का रे उत्तर?” मी नाही म्हणतो. “बिझी आसतील,” म्हणते ती. मागच्या रविवारी म्हणाली, “दादा, चिठ्ठीत काय चुकलं तर न्हाय ना माझं?” मी फोन कानाला धरून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. बायको खालून ओरडली, “अहो, एका जागी बसून बोला की!”

तिचं काही चुकलेलं नाही. चिठ्ठी माझ्या फोनमध्ये आहे, मी ती रोज उघडतो.

मी तिला उत्तर देणं लागतो. ते नाव तिच्या हवाली करायला हवं, आणि ते इतकी वर्षं माझ्याकडंच होतं, हे तिच्यासमोर बसून, बायकोच्या देखत, तोंडानं सांगायला हवं. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.