डवलीने पेटणारे दिवे

आम्हां तीन भावंडांत पाटी एकच होती. एका बाजूला थोरल्याचं गणित, दुसऱ्या बाजूला माझी बाराखडी. धाकट्याने भोकाड पसरलं की कुणाची तरी बाजू पुसून त्याला द्यायची. वडील रत्नागिरी बंदरातल्या एका लाँचवर इंजिनाला तेल घालणारे तेलवाले होते. पावसाळ्यात लाँच किनाऱ्यावर ओढून झापांखाली शाकारली की वडिलांची कमाईही तिच्याबरोबर शाकारली जाई. ते चार महिने आई माडाची झापं विणून विकायची आणि आम्ही पेजेवर राहायचो. पेजेबरोबर सुका बांगडा असे, पण एकाचे पाच तुकडे.

पाटी मात्र दणदणीत होती. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण वस्तू पारखता येत होती. दुकानातल्या साऱ्या पाट्या हातात तोलून त्यांनी सर्वांत जाड ती उचलली होती. चौकट निखळली तेव्हा त्यांनी लाँचच्या टाकाऊ सागवानाची नवी चौकट केली आणि तिला होडीचे तांब्याचे खिळे मारले. पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यात खिळ्याने ‘श्री’ कोरला आणि मार खाल्ला.

त्या पाटीवरून निघून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी मिरवतो, आणि का मिरवू नये? मात्र ते दिवस मंदीचे होते. पदवी घेऊन घरी आलो आणि अर्ज लिहीत बसलो. तोवर वडील तेलवाल्याचे ड्रायव्हर झाले होते, म्हणजे लाँचचं इंजिन त्यांच्या ताब्यात होतं.

लाँच सकाळी नाटे बंदराला उतारू घेऊन जायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. तिच्यावर विजेचे पाच दिवे होते: डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, डोलकाठीवर पांढरा, एक उतारूंच्या खोलीत आणि एक इंजिनापाशी. पाचांची बटणं इंजिनाजवळच्या एका आंब्याच्या फळीवर होती. बटणं कसली, पितळी पातीच. खाली ओढली की दिवा लागे. वर्षानुवर्षं खारा वारा खाऊन ती फळी इतकी ओलावली होती की वीज तारेतून कमी आणि लाकडातून जास्त जायची. अनवाणी पायांनी पातं ओढलं की खांद्यापर्यंत झटका बसे. म्हणून खलाशाने उपाय काढला होता. करवंटीला बांबूची दांडी लावलेली आमटीची डवली तो घ्यायचा आणि तिने दिवे लावायचा. तांबडा लावताना कधी हिरवा विझे. मग तो फळीला शिवी देऊन डवलीचा एक टोला हाणायचा. कधी कधी त्यानेही काम होई.

लाँचचे मालक शेठ एकदा शाकारलेल्या लाँचपाशी येऊन वडिलांना म्हणाले, “ड्रायव्हर, दसऱ्याआधी बंदराचे साहेब तपासायला येणार. ही फळी बघून ते रात्रीचा परवाना देतील होय? मी मुंबईहून मिस्त्री आणतो. बोर्ड तो घेऊन येईल.”

“आणि मग जाईल ना परत?”

शेठ छत्रीच्या टोकाने वाळू उकरत राहिले. “सर्टिफिकेटवाला माणूस आहे. आला की इंजिनावर तोच राहील. तुम्ही किनाऱ्यावर काय ते बघा.”

पन्नाशीच्या माणसाला किनाऱ्यावर बघायला सांगणं म्हणजे काय, ते मला कळलं. वडिलांशेजारी उभा होतो तो मी पुढे झालो. “शेठ, बोर्ड मी करतो.”

“तू?”

“मी बी.एस्सी. आहे.”

“ते ऐकलंय. बंदरावर सगळ्यांनी ऐकलंय,” शेठ म्हणाले. पण त्यांनी होकार दिला, कारण मी फुकट करणार होतो.

मी तीन कागदांवर आकृत्या काढल्या. लाकूड नको, दगडाची लादी हवी, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मुंबईच्या दुकानाला पत्र घातलं. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून लादी आली कोल्हापूरच्या वाटेने, घाट उतरून. पालीला मोटार बदलताना हमालाने खोका टाकला. आमच्या दारात तो आला तेव्हा आत लादीचे तुकडे खुळखुळत होते. सर्वांत मोठा तुकडा तळहाताएवढा होता. तपासणीला नऊ दिवस उरले होते.

मी डोक्याला हात लावून बसलो. वडिलांनी एक तुकडा उचलला, त्यावर थुंकी लावून अंगठा घासला आणि कडेचे पापुद्रे नखाने बघितले. मग धाकट्याच्या जुन्या दप्तरात उरलेली पाटीची पेन्सिल घेऊन त्यावर एक रेघ ओढली. पांढरी रेघ उठली.

“काय रे, ही तर पाटी!”

“बाबा, ही इन्सुलेटिंग स्लेट आहे, वीज अडवणारी.”

“मेल्या, बीएस्सी झालास नि पाटी वळखलीस नाय?”

आई आतून हसली. मला राग आला, आणि राग उतरल्यावर मी बाजारात जाऊन दोन पाट्या आणल्या. भोक पाडायला सुताराचा सामता लावताच दोन्ही पापडासारख्या तडकल्या. बाजारातल्या पाट्या आता पातळ यायच्या. जाड पाटी गावात एकच उरली होती, आणि ती आमच्या सुक्या बांगड्यांच्या मडक्यावर झाकण म्हणून बसली होती.

आई म्हणाली, “न्या. पण मांजर मडक्यात शिरलं तर त्याला तुमची आकृती दाखवा.”

दहा वर्षं बांगड्यांवर बसलेल्या पाटीत मीठ मुरलेलं, आणि मीठ राहिलं तर झटकाही राहणार. वडिलांनी ती राखेच्या पाण्यात तीन वेळा धुतली आणि दोन दिवस चुलीमागे वाळवली. मी भोकांच्या जागा आखल्या. सामता मी हातात घेतला, तसा त्यांनी तो काढून घेतला.

“तू घाईनं दाबतोस, ही पण तडकेल. बस तिकडं.”

त्यांनी परातीत ओली वाळू पसरली, तिच्यावर पाटी निजवली, वरून पाणी ओतलं आणि सामता इतका हळू फिरवला की तो फिरतोय की नाही अशी शंका यावी. प्रत्येक भोकाला मी श्वास धरून बसलो. मधेच ‘कट्’ असा आवाज आला आणि आम्ही दोघेही तडा शोधायला पाटीवर वाकलो. आई माजघरात सुपारी फोडत होती.

“आई, जरा थांब ना!”

“का? सुपारीनं पण दिवे लागतात काय?”

पाटी शाबूत राहिली. वडिलांनी तिला चंद्रसाच्या रोगणाचे दोन हात दिले. मी पाती नव्याने घासून बसवली आणि तारा बदलल्या. लादीच्या दोन तुकड्यांवर फ्यूज बसवले. चौकट तीच, तांब्याच्या खिळ्यांची.

साहेब आले तेव्हा लाँच पाण्यात होती आणि तळाच्या फळ्या ओल्या होत्या. साहेबांच्या पायांत बूट होते, वडील अनवाणी. मी आकृत्यांची गुंडाळी उलगडली. साहेबांनी ती बाजूला केली. “दिवे लावून दाखवा.”

खलाशी सवयीने डवली घेऊन पुढे आला. साहेबांनी विचारलं, “हे काय?”

“डाळ ढवळायला, साहेब,” वडील म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या पात्यावर उघडा हात ठेवला. तो हात मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. काळा आणि तेलकट. तांबडा लागला. हिरवा लागला आणि तांबडा तसाच राहिला. मग पांढरा, मग उरलेले दोन. वडिलांनी पाचही विझवले आणि कुणी न सांगता पुन्हा लावले, नुसती मजा म्हणून.

साहेब वाकले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या ‘श्री’वर बोट ठेवलं. “ही कसली खूण?”

“बनवणाऱ्याची,” मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

शेठ मोठ्याने हसले आणि म्हणाले, आपण आधीपासून सांगत होतो, घरचाच मुलगा हे करील. कुणीही त्यांना अडवलं नाही.

जुनी आंब्याची फळी आईने मागून घेतली. ती गोल कापून मडक्यावर बसवली. फळीला भोकं होती, पण त्यांतून मांजर शिरत नव्हतं, आणि बांगड्यांना वारा लागतो म्हणून आई खूश होती. मीठ तर तिच्यात आधीच भरलेलं.

लाँचला रात्रीचा परवाना मिळाला, मुंबईचा मिस्त्री आला नाही, आणि वडील त्याच लाँचच्या इंजिनावर पुढे आठ वर्षं राहिले.