पंगतीपाशी अडकलेली डीव्हीडी

भाचीनं लातूरहून आणलेली डीव्हीडी मी डबीतून काढली, तर आधी झुरळाची अंडी हातावर पडली. डबीवर अक्का आणि दाजींचा फोटो होता. भोवती गुलाबाची फुलं, आणि त्या सगळ्यावर तेलकट बोटांचे थर. आतल्या चकतीवर कशाचा तरी चिकट ओघळ वाळून बसलेला. मी ती दोन बोटांत धरून थेट मोरीवर नेली.

"मावशी, पडल्या पडल्या अशी झाली असंल," भाची ओशाळून म्हणाली. "चुलत आजोबांच्या घरी टीव्हीच्या मागं सापडली. आईच्या लग्नाची हाय. माझ्या हळदीला मोठ्या पडद्यावर लावायची. पण आईला सांगू नको हां, तिला एकदम दाखवायचंय."

भाचीच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोयच नव्हती. मी नांदेडला शाळेत संगणक शिकवते आणि माझ्या घरी जुना कंप्युटर अजून चालतो, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. मला आनंदच झाला. त्या लग्नात मी शाळकरी होते. कंधारला आमच्या दारात मांडव पडला होता. माय आणि दादा, म्हणजे आमचे वडील, दोघंही आता नाहीत. दोघांचं हलतं-बोलतं चित्र असं आमच्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मी चकती धुतली. मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसली. गोल पुसायचं नसतं, कारण चित्र गोल गोल रांगांत लिहिलेलं असतं. आडवा ओरखडा पडला तर रांगेतला कणभर भाग जातो. रांगेबरोबर फिरणारा ओरखडा रांगच खाऊन टाकतो.

मग इमेज करायला घेतली. इमेज म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची जशीच्या तशी एकच मोठी फाइल. पहिल्यांदा सॉफ्टवेअरनं सुरुवातीलाच नकार दिला. मी फाइल पेनड्राइव्हवर ठेवायला निघाले होते आणि तो जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला, एवढी मोठी फाइल त्याला पेलत नव्हती. मी जागा बदलून ती कंप्युटरमध्येच ठेवायला सांगितली. आता काम निम्म्यापर्यंत नीट गेलं आणि थांबलं. डीव्हीडीचा ड्राइव्ह खरखर, खरखर करत राहिला आणि शेवटी पडद्यावर आलं, 'इमेज तयार करता आली नाही'. वेग कमी करून पाहिला. पुन्हा तिथंच. नांदेडच्याच वजिराबाद भागातल्या दुकानातून बाहेरून जोडायचा नवा ड्राइव्ह आणला. तोही तिथंच अडला. म्हणजे खोट ड्राइव्हची नव्हती.

शेवटी मी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. ते न वाचता येणारी जागा सोडून पुढं जातं आणि नंतर मागं येऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. जेवढं हाती लागेल तेवढं भरतं, बाकी कोरं ठेवतं. शाळेला जाताना लावून गेले. संध्याकाळी येऊन पाहते तो इमेज तयार झालेली. मी चहा घेऊन बसले आणि लावली.

माय दिसली. जात्यापाशी बसून हळदीची गाणी म्हणत होती, कॅमेरा समोर आला तशी पदर ओढून लाजली. मी रडले आणि हसलेही. मग अक्षता झाल्या, मग पंगत. आणि पंगतीत चित्राचे चौकोन चौकोन झाले.

त्या चौकोनांतून जे तुकडे वाचले होते ते असे. दाजींचे चुलते ताटावरून उठलेले. पायानं ताट उडवलेलं, वरण जमिनीवर पसरलेलं. मग चित्र गेलं. परत आलं तेव्हा आमचे दादा उघड्या डोक्यानं वाकलेले, त्यांची टोपी त्या माणसाच्या पायावर. तो कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघून हसतोय. मागं पंगत चालूच. लोक जिलेबी खात होते. एकानं तर खाता खाता मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा वाढप्याला हात केला.

आणि त्या चित्राभोवती शूटिंगवाल्यानं लाल बदाम टाकले होते. लग्नाच्या कॅसेटीत नवरा-नवरीभोवती टाकतात तसले, फुगणारे आणि फुटणारे. माझ्या बापाचं टक्कल एका मोठ्या लाल बदामाच्या मधोमध बसवलं होतं. खाली कसलं तरी उडतं संगीत.

मी चहा तसाच मोरीत ओतला. त्या पंगतीच्या वेळी मी आत नवरीपाशी बसले होते. आम्हाला एवढंच कळलं होतं की पाहुणे जरा रुसले होते, मग समजूत निघाली. समजूत अशी निघाली होती.

शूटिंगवाला त्यांचा होता, लातूरचा. बदाम त्याच्या डोक्यातून आले की कुणी सांगून टाकून घेतले, हे मला कळायला मार्ग नव्हता. दोन्हीचा किळस सारखाच.

दुसऱ्या दिवशी मी चकती उन्हात तिरपी धरली. धुताना न दिसलेलं आता दिसलं. मध्य आणि कड यांच्या दरम्यान बारीक ओरखड्यांचं एक कडं होतं. नुसतं पडून राहून असं होत नाही. कुणीतरी टोकदार वस्तू धरून गोल गोल फिरवली होती. भाचीला दिलेला शब्द मोडून मी अक्काला फोन लावला.

"अक्का, तुझ्या लग्नाची डीव्हीडी माझ्याकडं हाय."

"तुला कुणी दिली ती घाण?"

"त्यावर कुणी ओरखडे मारलेत?"

"मीच. साडीच्या पिनेनं."

मग ती सांगू लागली.

"नवीन होते मी. पाहुणा आला की चुलत सासरे मला हाक मारायचे, 'सूनबाई, ती सीडी लाव.' पंगतीपाशी आलं की आवाज वाढवायला लावायचे. 'बघा, व्याही कसा वाकवला.' मी चहाचा ट्रे धरून उभी. कुणी बी उठून जायचं न्हाई बघ. सगळे हसायचे, बिस्किटं बुडवून खायचे. एकदा घरी कुणी नव्हतं. कुठं घासायचं ते काय मला ठाव नव्हतं. टीव्हीवर लावून बघायची, पुन्हा काढून घासायची, पुन्हा लावायची. बरोबर तिथं अडकायला लागली तवा सोडली."

"अन् दाजी?"

"त्ये बी हसायचे की. हळू हसायचे, एवढंच."

दाजींविषयी मला इतकी वर्षं आदर होता. फोनवर हे ऐकताना मला त्यांचे पान खाल्लेले दात दिसले.

त्याच आठवड्यात अक्का नांदेडला आली, भाचीला घेऊन. तिनं स्वतःच मला सांगितलं, "लाव. पोरीला बी बघू दे." तिघी बसलो. मायचं गाणं झालं, अक्षता झाल्या, पंगत आली. अक्कानं पडद्यावरची नजर हटवली नाही. भाचीनं तोंडावर ओढणी धरली. संपल्यावर अक्का उठली, मोरीवर गेली आणि चुळा भरत राहिली. बराच वेळ. परत आली ती माझ्या खुर्चीमागं उभी राहिली.

"ते बदाम काढता येतील का गं?"

"न्हाई अक्का. चित्रातच मिसळून गेलेत. ते काढायचे तर दादांनाच काढावं लागंल."

"मग राहू दे."

भाची म्हणाली, "आई, चुलत आजोबांना मी लग्नाला बोलवणार न्हाई."

"तुझे पप्पा बोलवतील," अक्का म्हणाली. "त्यांचं कधी काय थांबलंय?"

तसंच झालं. हळदीला पडदा लावला नाही. मी मायच्या गाण्याचा तेवढा भाग कापून अक्काच्या आणि भाचीच्या फोनवर दिला. लग्नाला चुलते आले, पहिल्या रांगेत बसले, पहिल्या पंगतीला जेवले आणि मंगल कार्यालयाच्या कुंडीत गुटख्याची पिचकारी मारली. अक्का त्यांच्या पाया पडली नाही. दाजींनी दोनदा डोळ्यांनी खुणावलं, तरी ती समोरून सरळ निघून गेली. म्हाताऱ्याच्या ते ध्यानातही आलं नसावं. तो माझ्यापाशी आला.

"तू धाकटी ना? मास्तरीण?" असं म्हणून त्यानं गुटख्याच्या वासाचा, ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "सुखी राहा."

मी कार्यालयाच्या मागच्या नळावर गेले, गजरा काढून फेकला आणि पैठणीसकट वाकून केस धुतले. भांडी घासणाऱ्या बाया बघत राहिल्या.

"काय झालं ताई?" एकीनं विचारलं.

"घाण लागली," मी म्हणाले. तिनं साबण पुढं केला.