मॅडमचा आवाज आला का?

परिपाठ चालू होता. मुलं रांगेत उभी होती, प्रतिज्ञा अर्ध्यावर आली होती, आणि फाटकाबाहेर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. प्रतिज्ञा संपली तरी ते आत येईनात, म्हणून मीच गेले.

"आबाजी, आत या ना."

"आत नाई येत जी. मले एकच सांगा. आमच्या पोट्टीले पहिलीत काऊन टाकलं?"

ते माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा होते. पोरगी बरेच दिवस शाळेत आली नव्हती. कापसाची वेचणी सुरू झाली होती आणि त्या दिवसांत आमची कितीतरी मुलं आईच्या मागे वावरात जातात. तशीच तीही गेली असेल असं मी धरून चालले होते.

"कोणी टाकलं पहिलीत? ती तिसरीतच आहे."

"फोनमंदी आलं ना तुमचंच. शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं. सारा दिवस रडली ते. म्हणते, मी लहान पोराईत बसणार नाई."

मग माझ्या लक्षात आलं. मुलांच्या वाचनाची चाचणी झाली होती आणि तिचा निकाल पालकांना कळवा असं वरून आलं होतं. मी प्रत्येक घरी फोनवर निकाल पाठवला होता; तिच्या घरी गेला तो असा: 'आपल्या पाल्याचा वाचन स्तर प्रारंभिक आहे. कृपया नियमित सराव करून घ्यावा.' मजकूर वरून जसा आला तसाच. 'प्रारंभिक' म्हणजे सुरुवातीचा, आणि शाळेत सुरुवात म्हणजे पहिली. शेजारच्या पोरानं लावलेला अर्थ अगदी बरोबर होता, फक्त तो आम्हाला अभिप्रेत नव्हता.

"आबाजी, तसं नाही. तिला वाचता येतं. फक्त जोडाक्षर आलं की अडते. 'पुस्तक' म्हणायचं तर 'पुसतक' म्हणते. तेवढंच."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "तेवढंच?"

"तेवढंच."

"मंग असंच लिहाचं होतं ना जी फोनमंदी!" असं म्हणून ते वळले आणि काठी टेकत निघून गेले. दुसऱ्या दिवशी नातीला हाताला धरून घेऊन आले. ती वर्गात येऊन बसली, पण माझ्याकडे पाठ करून.

हे गाव नाचणगावच्या पुढे आहे. मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत राहते आणि रोज गाडीनं जाते-येते. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. तेव्हा आम्ही दोघंच होतो, मुख्याध्यापक सर आणि मी. तिसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती, आणि सरांचा अर्धा आठवडा पंचायत समितीच्या बैठकांत जायचा.

आबाजींचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर मी पालकांच्या ग्रुपवरचे माझे जुने संदेश वाचून पाहिले. 'उपस्थिती अनिवार्य', 'पाल्य', 'सूचनेची नोंद घ्यावी'. खाली कुणाचे हात जोडलेले, कुणाचा अंगठा. वर्षभरात एकाही पालकानं एक प्रश्न विचारला नव्हता, आणि मी ते सगळं व्यवस्थित चाललंय याचं लक्षण समजत होते.

मी मूळची इकडचीच. माझी आई अजूनही 'मले', 'तुले' बोलते. पण डी.एड.ला आम्हाला ती बोली जिभेवरून खरवडून काढायला लावली होती, आणि शाळेच्या आवारात शिरलं की माझी जीभ आपोआप बदलायची. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक मळायची ठेवून मी फोन तोंडाशी धरला आणि ग्रुपवर टाकायचा निरोप रेकॉर्ड करायला लागले. पहिल्यांदा ते आकाशवाणीसारखं झालं. पुसून टाकलं. दुसऱ्यांदा हसू आलं. तेही पुसलं. मिस्टर बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "कोणाशी बोलून राह्यली व?"

"गावाशी," मी म्हटलं.

शेवटी आईशी बोलतेय असं समजून बोलले.

"नमस्कार जी. मी शाळेतली मॅडम. तिसरीच्या लेकराईले वाचता येते, पन जोडाक्षरात अडतात. दोन अक्षरं एकमेकाले चिपकली का त्याईले समजत नाई. आज घरी एक काम करा. बिस्किटाचा पुडा, साबन, खताची थैली, जे घरात असन ते लेकराच्या हाती द्या अन् म्हना, काय लिहलं हाये मले वाचून दाखव. अडलं तं रागवू नका. अन् जे वाचलं नाई, ते उद्या शाळेत घेऊन पाठवा. मी पाहते."

पाठवून दिलं आणि फोन फ्रिजवर ठेवला. परत उघडायची हिंमत होईना.

सकाळी मुलं आली ती हातात रिकामे पुडे घेऊनच. चहापत्तीचा, वाशिंग पावडरचा, अगरबत्तीचा. एका मुलानं युरियाचं अख्खं रिकामं पोतं डोक्यावरून आणलं होतं. 'पत्ती' फळ्यावर लिहिलं, 'अगरबत्ती' लिहिलं, 'गव्हाचे पीठ' लिहिलं, आणि 'व्हा'पाशी सगळा वर्ग अडला. त्या दिवशी आम्ही धडा उघडलाच नाही. पाठ करून बसणारी पोरगी हळूहळू वळली. तिच्याकडे कपडे धुण्याच्या साबणाचा कागद होता. तिनं तो माझ्यासमोर धरला आणि एक शब्द बोट ठेवून दाखवला. 'स्वच्छता.'

"हे आबाजीले म्हनून दाखवलं," ती म्हणाली, "पन त्याईलेबी माहीत नाई बरोबर हाये का चूक."

"कसं म्हटलं?"

"सवचता."

मी सगळ्यांसमोर तो शब्द फोडून दाखवला, पुन्हा जोडला, आणि तिच्याकडून म्हणवून घेतला. संध्याकाळी ग्रुपवर सांगितलं की आज वर्गात सगळ्यात अवघड शब्द कुणी आणला.

त्यानंतर रोज सांगायची सवयच लागली. आज काय शिकवलं, घरी काय विचारा, उद्या काय लागेल. मिनिटभराचं बोलणं. हळूहळू तिकडूनही आवाज यायला लागले. एक आई वावरातून बोलायची, मागे वाऱ्याची घरघर आणि बायकांचं हसणं. एकीनं तर घरात लेकरू पाढे म्हणत होतं तेच ऐकवलं, स्वतः काही न बोलता. फोन बहुतेक घरांत पुरुषांच्या खिशात असायचे, म्हणून दळणाच्या चक्कीवाल्या बाईंनी माझा निरोप मोठ्यानं लावायला सुरुवात केली. दळण घेऊन आलेल्या बाया तिथंच ऐकून जायच्या. संध्याकाळी चक्कीवर एकमेकींना विचारणं व्हायचं, "मॅडमचा आवाज आला का?"

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. एक पालक पुलगावला एका दुकानात हिशेब पाहायचे. त्यांनी मला रस्त्यातच थांबवलं.

"मॅडम, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही गावठी कशाला बोलता? आमची पोरं याच बोलीपायी मागे राह्यली. तुम्हीच अशा बोलल्या तर त्याईनं शुद्ध कोणाकडून शिकायचं?"

त्यांच्या बोलण्यात शुद्ध आणि गावठी दोन्ही मिसळलं होतं, जसं माझ्या बोलण्यात मिसळतं. पण मला हसू आलं नाही. कामावर त्यांना कुणी बोलीवरून हसलं असेल, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"वर्गात मी पुस्तकातलीच भाषा बोलते, भाऊ," मी म्हटलं. "ही भाषा मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुम्हाला एकदाच ऐकून कळावं म्हणून."

"मले लिहलेलंही कळते."

"तुम्हाला कळतं. तुमच्या घरी वहिनींना?"

ते पटलं असं म्हणाले नाहीत. "पाहू," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

पालकसभा आम्ही नेहमी सकाळी अकराला ठेवायचो. त्या वेळी गाव वावरात असतं हे आम्हाला दिसत होतं, पण सभा म्हटली की अकराच, असा शिरस्ता. या खेपेला मी सरांना म्हटलं, सांजच्याला ठेवू, वेचणीहून बाया परतल्यावर. सर म्हणाले, "तुम्ही थांबणार असाल तर ठेवा." मी थांबले, आणि मग तेही थांबले.

शाळेचा व्हरांडा भरून गेला. बाया हातपाय धुऊन तशाच आल्या होत्या, काहींच्या केसांत कापसाचे धागे अडकलेले. आबाजी खांबाला टेकून बसले. पुलगावचे भाऊही आले, पण मागे उभे राहिले. मुलांनी एकेक करून वाचून दाखवलं. ती पोरगी उठली आणि तिनं 'स्वच्छता' असलेलं एक अख्खं वाक्य न अडखळता वाचलं. आबाजींनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं.

मी आता समारोप करणार, तेवढ्यात त्या पोरीची आई उभी राहिली. मी तिला तोपर्यंत फक्त फोनवरच ऐकलं होतं. बारीक, सावळी बाई, पदर खोचलेला.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"तुमी रोज विचारा म्हनता लेकराईले, शाळेत काय झालं. मी विचारते. पोट्टी म्हणते, मॅडम आमाले शिकवतात अन् मंग पहिलीच्या खोलीत जातात, तवा आमी असेच बसतो. मंग सांगा, त्या टायमाले आमच्या पोराईले कोन शिकवते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही गावाला मुलांविषयी सगळं सांगत होतो, शाळेविषयी काही नाही.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "एक जागा रिकामी आहे. बरेच दिवस झाले."

"मंग ते भरत काऊन नाई?"

"मागणी गेली आहे वरती."

"वरती कोन बसते?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

उत्तर पुलगावच्या भाऊंनी दिलं. मागून पुढे आले आणि म्हणाले, "देवळीले, पंचायत समितीत, साहेब बसतात. मी अर्ज लिहतो. पन एकट्यानं जाऊन काही होत नाई. सारे चाला." मग त्यांनी तिथंच, व्हरांड्यात मांडीवर कागद धरून अर्ज लिहिला, अगदी शुद्ध, पाल्य आणि अनिवार्य यांच्यासकट, आणि शेवटी सगळ्यांना कळेल असा वाचूनही दाखवला. बायांनी सह्या केल्या. ज्यांना येत नव्हती त्यांना त्यांच्या लेकरांनी नाव लिहायला मदत केली.

लोक गेल्यावर सर कुलूप लावताना म्हणाले, "मॅडम, हे कुठं नेऊन ठेवलं तुम्ही?" आवाजात काळजी होती. मलाही होती. उद्या साहेबांनी विचारलं की गावाला कुणी चिथावलं, तर काय सांगायचं? पण गाडीवरून घरी जाताना मला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. शाळेत काय कमी आहे ते आता आम्हा दोघांनाच माहीत नव्हतं.

वेचणीचा एक दिवस बुडवून बाया देवळीला गेल्या. साहेबांनी बसवून घेतलं म्हणे, चहाही दिला, आणि बघतो म्हणाले. काही आठवडे काहीच झालं नाही. मग एक तरुण शिक्षिका आली. कायमची नाही, दुसऱ्या शाळेतून आठवड्यातले काही दिवस. जागा अजून रिकामीच आहे, आणि अर्जाची विचारपूस करायला गावातून कुणी ना कुणी अजूनही जातं. पण ती येते त्या दिवशी तिसरी तशीच बसून राहत नाही.

मागच्या आठवड्यात मी निरोप पाठवण्याआधीच फोन वाजला. त्या पोरीच्या आईचा आवाज होता. "मॅडम, पोट्टी काल म्हणे, आपन चाललो का चांद आपल्यासंग काऊन चालते? मले नाई सांगता आलं. उद्या वर्गात सांगजा. अन् मी वावरात जाताना थांबते, मलेबी सांगजा."

ती खरंच थांबली. डोक्याला फडकं, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मी मुलांना आणि तिला मैदानात नेलं. म्हटलं, चालत राहा आणि दोन गोष्टी पाहा, फाटकाजवळचा कडुलिंब आणि गावापलीकडची पाण्याची टाकी. सगळे चालले. लिंब मागे पडला. टाकी जिथल्या तिथं, जणू सोबत येत होती.

"जे दूर असते ते मागं पडत नाही," मी म्हटलं. "चांद तर टाकीहूनही किती दूर."

पोरीच्या आईनं पुन्हा एकदा एकटीनंच चालून पाहिलं, लिंबापासून हापशीपर्यंत, मान वळवून टाकीकडे बघत. मुलं तिच्याकडे पाहत होती.

"म्हंजे संग चालत नाई तो," ती म्हणाली.

"नाही."

"वाटते मात्र तसंच." ती हसली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वावराच्या वाटेला लागली.